टाकी आतून धुवा

कार्बोरेटर डब्यात बुडाला तसा केमिकलचा भपकारा उठला. वलीभाईंनी तोंड फिरवलं. गेणूने फिरवलं नाही. डोळ्यांत पाणी आणायला त्याला हल्ली काहीतरी निमित्त लागे, आणि हे निमित्त बरं होतं.

“गाडी वर्षभर हलवली न्हाई की असंच व्हतं, गेणूभाऊ,” वलीभाई म्हणाले. “पेट्रोल आटून आत नुसता डिंक झालाय. जेटमधनं सुईसुद्धा जात न्हाई. भिजू द्या निवांत.”

निवांतपणा गेणूकडे नव्हता. दिवस मावळायच्या आत गाडी चालू होऊन घाटघरच्या रस्त्यावरच्या त्याच्या वस्तीवर पोचायला हवी होती. नाहीतर बायकोला, बयाबाईला, सांगायचं काय? खोट्याचं एक वाईट असतं. एकदा बोलून ते भागत नाही, दावणीच्या गुरासारखं त्याला रोज काहीतरी घालावं लागतं.

मोटरसायकल स्वराजची, त्यांच्या एकुलत्या लेकाची. चाकणच्या एका कारखान्यात अंगावर लोखंड पडून तो गेला, तेव्हा बयाबाई पुण्याला दवाखान्यात होती. हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गेणूने पोराला परस्पर अग्नी दिला. दहाव्याला ओझरला नदीवर भटजींनी त्याच्या हातावर काळे तीळ ठेवले, वरून पाणी घातलं, आणि ते त्याने लेकाच्या नावाने नदीत सोडलं. बायकोला फोनवर सांगितलं, तुझ्यासाठी गणपतीला आलोय.

ती घरी आली तोवर स्वराज ओमानला गेलेला होता. कंपनीने घाईने पाठवलं, तिथे रेंज नसते, सुट्टी मिळत नाही. गेणूने हात जोडून सगळ्या वस्तीला हेच बोलायला लावलं. सुरुवातीला बयाबाई रोज विचारायची, फोन आला का? पुढे विचारेनाशी झाली. गेणूला वाटलं, झाली असेल सवय. त्याला स्वतःला काही सवय झाली नाही. रडू दाटून आलं की तो गोठ्यात जाई, कडबाकुट्टीची मशीन लावी आणि तिच्या खडखडाटात मोकळा होई. गाईंची मात्र वर्षभर चंगळ झाली.

आणि आज सकाळी बयाबाईच म्हणाली, “गोठ्यात उभ्या उभ्या सडाय लागलीय गाडी. जुन्नरला न्या वलीभाईकडं. अन् टाकी आतनं धुवा म्हणावं.”

गाडीची किल्ली तिने देव्हाऱ्यातून काढून दिली. म्हणजे ही पोराची वाट बघतेय अजून! टेम्पोत गाडी चढवून तो जुन्नरला आला. टाकीचं तो वलीभाईंना काही बोलला नाही. बयाबाईला गाडीतलं काय कळतंय?

वलीभाईंनी कार्बोरेटर बाहेर काढला. काळी राप सुटून खालचं पितळ चमकत होतं. त्यांनी भोकाभोकातून हवा मारली, जेट उजेडात धरून पाहिलं, सगळं जागच्या जागी बसवलं आणि किक मारली. गाडी चालू झाली. हा आवाज वळणावर आला की बयाबाई चुलीवर तवा ठेवायची.

दोन-चार धक्के देऊन गाडी बंद पडली. पुन्हा किक मारली, पुन्हा बंद पडली.

“कार्बोरेटर तर चकाचक केलाय,” वलीभाई वैतागले. “टाकीतच गडबड दिसतीय.”

त्यांनी टाकी सोडवली आणि घमेल्यात उपडी केली. पेट्रोल आलं. त्याच्याखाली पाणी वेगळं होऊन बसलं. चांगलं तांब्याभर असेल.

“एवढं पाणी? झाकणाला तर कुलूप व्हतं राव.” वलीभाई वाकले. घमेल्याच्या तळाशी काहीतरी काळं साचलं होतं. त्यांनी ते बोटावर घेतलं, चिमटीत दाबून पाहिलं. “आँ? गेणूभाऊ, हे तर तीळ हायेत. काळे तीळ. पेट्रोलच्या टाकीत तीळ कोण घालतं?”

गेणू घमेल्यापाशी बसला आणि ते तीळ त्याने तळहातावर घेतले.

काळे तीळ आणि पाणी. नदीवर तिला कुणी नेलं नव्हतं. कोण नेणार? नेणाऱ्यानेच तर तिच्यापासून सगळं लपवलं होतं. मग तिची तिने जागा शोधली. लेक रोज ज्या टाकीला गुडघे टेकून बसायचा, तिचं कुलूप तिने काढलं. ओंजळीतलं सगळं आत सोडलं. झाकण लावलं, किल्ली देवापाशी ठेवली आणि घरात येऊन नवऱ्याला भाकरी वाढली. कधी, कोणत्या दिवशी, देव जाणे. गेणू तिच्या काळजाला जपत होता, आणि तेच काळीज एवढं सगळं एकट्याने पोटात घालून रोज त्याच्यासमोर जेवायला बसत होतं.

“पाणी देऊ का, भाऊ?” वलीभाईंनी घाबरून विचारलं.

तेवढ्यात गेणूच्या खिशातला फोन वाजला. बयाबाई होती.

“धुतली का टाकी?”

“व्हय,” तो म्हणाला. पलीकडे गोठ्यातली गाय हंबरली.

“मग या आता घरी,” बयाबाई म्हणाली. “अन् आजपास्नं रडताना ती मशीन लावू नका.”