कोंडलेली भट्टी

"मामंजी, भट्टीचा झरोका उघडा. धूर थांबू द्या," गुलंदाम दबक्या आवाजात म्हणाली.

फखरुद्दीननं भट्टीच्या तोंडात ओल्या काट्यांची जुडी कोंबली. "हवा लागली तर रंग जाईल."

"आणि नाही लागली तर जीव!"

तातारांचे घोडेस्वार काशानच्या उत्तर वेशीतून आत शिरले होते. कुंभारांची आळी सकाळीच डोंगराकडे पळाली. मागे हे तिघंच उरले, कारण सासूला अंथरुणावरून हलवता येत नव्हतं. बाकी आळीत चिटपाखरू नव्हतं. त्यांच्या अंगणातून मात्र काळाकुट्ट धूर वर चढत होता. इथं माणसं आहेत, असं ओरडून सांगितल्यासारखा.

ताटांवरच्या चांदी-तांब्याच्या लेपाला सोन्याची झाक यायची, तर भट्टीचा श्वास कोंडावाच लागतो. लग्न होऊन आल्यापासून ती हे पाहत आली होती. पण आज? शेजारीण जाताना भिंतीवरून ओरडली होती, "उस्ताद, कबरीत काय सोनेरी ताटात जेवणार आहात?" म्हाताऱ्यानं काट्यांची पुढची जुडी पाण्यात बुडवली होती.

टापा ऐकू आल्या. आधी लांबून, मग आळीच्या तोंडाशी.

झरोक्याची माती फोडायला गुलंदामनं सळई उचलली. फखरुद्दीननं तिचं मनगट धरलं. इतका वेळ भट्टीशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात बर्फासारखा गार होता.

टापा दारापाशी थांबल्या. घोडा फुरफुरला. कुणीतरी दारावर लाथ मारली, अडसर करकरला. आतून सासू कण्हली. धुराचा लोट भिंतीवरून आळीत उतरत होता. बाहेर कुणी ठसकलं, मग तुर्कीत बोललं. तिच्या आईची भाषा. शब्द न् शब्द तिला कळला.

"इथं काय राहिलंय? आपली माणसं आधीच घर जाळून गेलीत."

"चल पुढं," दुसरा म्हणाला आणि थुंकला.

टापा लांब गेल्या. गुलंदामनं सळई खाली ठेवली.

"बरं झालं, माझं ऐकलं नाहीत," ती म्हणाली. "जीव वाचला, आणि तुमचा रंगसुद्धा."

"रंग पहाटेच करपला, पोरी," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं आणखी एक ओली जुडी आत सारली.