काकांवरचं प्रात्यक्षिक

"काका, उद्यापासून तुम्ही कामावर येऊ नका," ती म्हणाली आणि पुढचं वाक्यच विसरली.

समोर बसलेल्या काकांनी हळूच आठवण करून दिली, "कारण सांग, कारण."

धुलाई कारखान्यात मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये हे प्रात्यक्षिक चाललं होतं. ती घडी विभागातली कामगार. कंपनीनं तिला सुपरवायझरच्या शिकाऊ उमेदवारीला घातलं होतं. आठवड्यातून एक दिवस वर्ग, बाकीचे दिवस शिकलेलं कामावर करून दाखवायचं. या वेळचा धडा म्हणजे माणसाला कामावरून कमी करताना कसं बोलावं. सरावाला कुणीतरी हवं होतं. काकांना घे, ते काही मनाला लावून घेणार नाहीत, असं साहेबच म्हणाले. तिला हायसं वाटलं. काका तिचे मशीनवरचे जोडीदार, चादर कशी धरायची इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. आणि अख्ख्या कारखान्यात काकांना काढायची छाती आहे कुणाची?

कारण तिच्याकडे तयार होतं. घडीच्या मशीनवर दोघं कशाला, एकानं भागतं, असं तिनं गेल्या महिन्याच्या स्वाध्यायात लिहिलं होतं. कागदावर लिहायला काय जातं! तेच तिनं घडाघडा म्हणून टाकलं. मग वर्गात सांगितल्याप्रमाणे गप्प राहिली. बावीस वर्षांच्या कामाबद्दल आभार मानायलाही चुकली नाही. काकांनी कपाळाला हात लावला, खोटाखोटा हुंदका दिला आणि पोरगी साहेबीण होणार बघा, म्हणत हसत उठले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढून काकांपुढे ठेवलं. त्यावर काकांचं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं.

तिनं पाकिटावरचं नाव वाचलं. "साहेब, हा सराव होता ना?"

"शिकाऊ उमेदवारी म्हणजे खऱ्या कामावरचं शिक्षण," साहेब म्हणाले. "तुझा स्वाध्याय वर पाठवला होता. मंजूर झाला."

बोललीस मात्र उत्तम, असंही त्यांनी सांगितलं आणि तिच्या मूल्यमापनाचा कागद पुढे सरकवला. त्यावर ऐकणाऱ्याच्या सहीसाठी जागा होती.

कागद फाडून टाकावा, ओरडावं, असं तिला वाटलं. पण कसलं काय, तिनं टेबलावरचं पेन तेवढं उचललं.

काकांनी पत्र वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिच्या हातातलं पेन घेऊन तिच्या कागदावर सही केली. सही वेडीवाकडी आली.

"झालीस पास," ते म्हणाले. "आता हेच घरी तुझ्या काकूला कसं सांगायचं, तेवढं मला शिकव."