गिलाव्यातला आवाज

दंगलीत पेटवलेल्या घराच्या गिलाव्यात चाळीस वर्षं मुरलेला आवाज यंत्रानं मोकळा केला होता. संग्रहालयाच्या दालनात तो किती चढवायचा, हे शाल्मली ठरवत होती.

तिनं तो पुन्हा लावला. दार फुटलं. कोयते चालले, एक बाई किंचाळून गप्प झाली. मग लपलेल्या पोरीला कुणीतरी लाडानं बोलावलं, "या साळूबाई, तुमचा घोडा आलाय!" पोर हुंदके देत बाहेर आली. घाव बसला.

"हा मारेकरी सापडलाच नाही बघ," शेजारी बसलेल्या सहकारी वसुधाताई म्हणाल्या.

शाल्मलीनं लगेच घरी फोन लावला. "आई, पिल्लू कुठंय?"

"पलंगाखाली लपलीय. तुझे बाबा नातीला खेळवतायत."

मागून बाबांची हाक आली, "या साळूबाई, तुमचा घोडा आलाय!"

"आई, तिला आधी कडेवर घे. आणि ऐक." शाल्मलीनं फोन दालनातल्या स्पीकरपाशी धरला आणि गिलाव्यातला आवाज चढवला.