जिथे हवा पोचत नाही

औषधाने निम्मी झालेली ताईची गाठ दोनच महिन्यांत पुन्हा होती तेवढी वाढली. अशाच गाठींवर प्रयोगशाळेत काम करणारा तिचा धाकटा भाऊ पलंगाशेजारी बसला होता. सांगायचे ते त्याने वाटेत शंभरदा घोकले होते. आता मात्र तो चादरीच्या सुरकुत्या सरळ करत बसला होता.

"बोल की रे. नापास झाल्यासारखा काय बसलास?"

"ताई, गाठीच्या पार आत ऑक्सिजन नीट पोचत नाही. तिथल्या काही मूळ पेशी, म्हणजे गाठीचं बीजच, त्या घुसमटीतच जास्त चिवट होतात. औषध बाकीच्यांना मारून जातं. या दबा धरून बसतात आणि गाठ पुन्हा उभी करतात."

"लोचट मेल्या."

तो हसला नाही. "एक नवं औषध आहे. जिथे ऑक्सिजन कमी, तिथेच ते जागं होतं. पण त्याची चाचणी आत्ता कुठे सुरू झालीय. गुण येईलच असं नाही, त्रास मात्र होणार. तू नको म्हणालीस तरी मी समजून घेईन."

ताई कोपरावर भार देऊन उठून बसली.

"नको कशाला? लाँड्रीच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत इस्त्री करून तुला एवढा शिकवला. हवा नसते तिथे काम कसं रेटायचं, ते मला ठाऊक आहे. जा, घाल माझं नाव. तुझं औषध आत अडलंच कुठे, तर मी आहे की."