अडीचशे फुटांचा नियम

आमचं घर अगदी कड्याच्या टोकावर आहे, आणि खालच्या दरीतून हवाई दलाच्या शिकाऊ पायलटांची विमानं जातात. दोन महिन्यांच्या लेकीचा कसाबसा डोळा लागतो, की आलंच विमान! पोर किंचाळून उठतं, बायको माझ्यावर खेकसते, जणू मीच ते चालवतोय, आणि अंगाई पुन्हा पहिल्यापासून. शेवटी बायकोने तक्रार ठोकली, तेव्हा कुठे चौकशीला एक साहेब घरी आले.

"आमचे नियम फार कडक आहेत, बाई," चहाचा घोट घेत साहेब म्हणाले. "किती उंचावरून गेलं म्हणता?"

"उंचावरून कुठलं? आमच्या गॅलरीच्या खालून जातं!"

साहेब लहान मुलाकडे बघावं तसे हसले. तेवढ्यात खिडक्या खडखडल्या, लेकीने भोकाड पसरलं, आणि आम्ही तिघंही धावत जाऊन कठड्यावरून खाली वाकलो. विमान आमच्या पायांखालून गेलं. पायलटच्या हेल्मेटवरचा लाल पट्टासुद्धा दिसला.

"पटलं ना आता?" बायकोने विचारलं.

"पटलं तर! माझ्या डोळ्यांनी पाहिलं की." साहेबांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "नियम स्पष्ट आहे. जो वर असेल, त्याने खालच्यापासून अडीचशे फूट लांब राहायचं."

"मग आता कारवाई होणार ना?"



"व्हायला हवी खरं तर. पण यात वरचे तुम्ही आहात, आणि पहिलीच वेळ आहे, म्हणून नुसती ताकीद देऊन सोडतो."