साहेबांचा घोट

साहेबांचा घोट पोटात गेल्याशिवाय या खात्यात कुठलंही पाणी शुद्ध ठरत नाही. खात्याला प्रयोगशाळा होती, तिच्यात यंत्रंही होती. पण सरकारी अनुदान देणाऱ्या समितीला यंत्रातलं कळत नसे, पेल्यातलं कळत असे. म्हणून एखाद्या दलदलीच्या सफाईचं काम संपलं की साहेब समितीसमोर तिथल्या विहिरीचं पाणी पीत, टाळ्या पडत आणि काम पावन होई.

पेला भरायचं काम प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचं. पाण्याचे नमुने गोळा करतो म्हणून खात्यात सगळे त्याला 'नमुना' म्हणत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, त्यालाही नाही. बादली सगळ्यांदेखत विहिरीतून ओढायची, पाणी गाळायला म्हणून पडद्यामागे न्यायची आणि पेला सीलबंद बाटलीतून भरायचा. इतक्या वर्षांत हाताला वळणच पडलं होतं.

आजची विहीर त्याच्या थोरल्या बहिणीच्या वस्तीची होती. समुद्राकाठची दलदल अहवालात पुन्हा जिवंत झाली होती. शहराची गटारं मात्र अजून तिच्यातच येत होती, आणि तिच्यातून विहिरीत. याच पाण्याने ताईच्या सुनेला कावीळ झाली. टँकर सुरू झाला म्हणून ती कशीबशी वाचली. आज घोट झाला की टँकर बंद.

त्याने साहेबांना सांगून पाहिलं होतं. साहेब म्हणाले होते, "पाणी कधी वाईट नसतं रे, तपासणारा वाईट असतो."

पडद्यामागे आज त्याने बाटलीला हात लावला नाही. पेला थेट बादलीत बुडवला. पाणी दिसायला आरशासारखं, जिभेवर मात्र मचूळ आणि सडकं. एक घोट, की साहेब समितीच्या अंगावर थुंकणार. मग टँकर कोण बंद करतो ते बघू. नोकरी गेली तर गेली. पेन्शन तोंडावर आलेल्या त्या माणसाने उभ्या जन्मात असलं काही केलं नव्हतं.

साहेबांनी पेला उंचावला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि थांबले.

"नाही," ते गहिवरून म्हणाले, "आजचा मान माझा नाही. ज्यांनी या विहिरीवर जन्म काढला, त्यांचा!"

आणि त्यांनी पहिल्या रांगेतल्या सगळ्यांत वयस्कर बाईंना पुढे बोलावलं.

ताईला.

ताई ऐटीत उठली. पेल्यामागची भानगड भावाने तिला कधीच सांगून टाकली होती. घरात त्यावर पोट धरून हसूनही झालं होतं. आयतं बाटलीचं पाणी कोण सोडतो? तिने चांगला मोठा घोट घेतला, आणि तिचा चेहरा थिजला.

भाऊ पडद्याच्या कडेला उभा होता. थुंक ताई, थुंक, असं डोळ्यांनी विनवत होता. ताईने ते डोळे पाहिले. तिने गिळलं. मग उरलेला पेलाही रिकामा केला.

"गोड आहे," ती म्हणाली. "खडीसाखरच जशी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. समितीतल्या एका बाईंनी डोळे टिपले.

मांडव रिकामा झाल्यावर ताईने भावाला पडद्यामागे गाठलं आणि पाठीत धपाटा घातला.

"मेल्या, बाटली विसरलास की रे! साहेब प्याले असते तर आज नोकरी गेली असती तुझी. मी होते म्हणून निभावलं."

"ताई, टँकर..."

"टँकरचं काय? तो आज जाणारच होता. तुझी नोकरी तर वाचली?"

टँकर तोवर वळणापलीकडे गेला होता. न उघडलेली बाटली तिने सुनेसाठी पिशवीत टाकली.

बाटली अर्ध्या लिटरची होती.