समेवरचा धा

घरच्या कॉम्प्युटरला माईक जोडून बापू गुरव तबल्यावर बसले. त्यांची केतकी चंद्रावरच्या दवाखान्यात अकरा दिवसांपासून बेशुद्ध होती. "ओळखीचा ताल थेट ऐकवून बघा," डॉक्टर म्हणाले होते. पलीकडून येणारा आवाज मध्येच तुटला, तर नेटवर्क आता काय येणार याचा अंदाज बांधून ती जागा पलीकडच्या माणसाच्याच आवाजात आपोआप भरून काढत असे.

केतकी लहान असताना बापू मुद्दाम समेवरचा 'धा' सोडायचे आणि ती तो ओरडून म्हणायची. आजही त्यांनी तिच्यासाठी 'धा' सोडला.

"धा!" स्पीकरमधून केतकीचा आवाज आला.

"अहो, बोलली! पोरगी बोलली!" शालन रडायलाच लागली.

बापूंना बायकोकडे बघवेना. चंद्रावरून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. हा 'धा' बरोब्बर समेवर पडला होता.